दोघांसाठी कॅरिबियनमधील आठवड्याची स्कूबा सहल: सोलापुरातून निघताना खर्चाचा हिशेब कसा मांडावा

सोलापूरहून कॅरिबियन समुद्र गाठून तिथे आठवडाभर स्कूबा डायव्हिंग करायचे असेल, तर दोघांच्या एकूण खर्चातला निम्मा पैसा पाण्यात पाय टाकण्यापूर्वीच संपलेला असतो. विमानाचे तिकीट, मुंबईपर्यंतचा प्रवास, व्हिसा आणि विमा यांत काटकसरीला फारसा वाव नसतो. आणि ज्या खर्चाची बहुतेकांना धास्ती वाटते तो प्रत्यक्ष डायव्हिंगचा खर्च मात्र एकूण रकमेच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी भरतो. त्यामुळे अंदाजपत्रक मांडताना डाइव्ह, म्हणजे टाकी घेऊन मारायच्या बुड्या, कमी करून पैसे वाचवण्याचा विचार सर्वांत आधी बाजूला ठेवावा. इतक्या लांब जाण्याचा खर्च ठरलेलाच आहे, तेव्हा तिथे पोचल्यावर जास्तीत जास्त वेळ पाण्याखाली कसा मिळेल हे पाहण्यातच खरी बचत आहे. पुढचा सगळा हिशेब म्हणूनच एका आकड्याकडे नेला आहे, आणि तो म्हणजे दर डाइव्हमागे पडणारे रुपये.

हिशेबासाठी मी १ डॉलर म्हणजे ९५ रुपये असा दर धरला आहे. आपण ज्या दिवशी तक्ता कराल त्या दिवशीचा बँकेचा विक्रीदर घ्यावा आणि त्यावर चढउतारासाठी चार-पाच टक्के चढवावेत. सरकारी शुल्के सोडली तर बाकीच्या रकमा अंदाजाच्या आहेत. प्रत्येक रकमेच्या जागी हाती आलेला खरा दर भरत गेल्यास तक्ता आपोआप पक्का होत जातो.

बेटाची निवड

कॅरिबियन म्हणजे एक ठिकाण नव्हे, आणि बेट बदलले की खर्चाचा आराखडाच बदलतो. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाजवळ पालांकार नावाची प्रख्यात प्रवाळभिंत आहे, पण तिथे पाण्याला ओढ असल्याने डायव्हिंग प्रवाहाबरोबर वाहत जात आणि बोटीतूनच करावे लागते; म्हणजे प्रत्येक डाइव्हला बोटीचे भाडे आलेच. ज्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा आहे त्यांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, ही कोझुमेलची जमेची बाजू. ग्रेनाडा आणि बार्बाडोस या देशांत भारतीय पासपोर्टवर सहलीसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. ग्रेनाडाच्या मोलिनेअर उपसागरात २००६ साली उभे राहिलेले पाण्याखालचे शिल्पउद्यान आहे आणि १९६१ साली बुडालेले ‘बियांका सी’ हे मोठे प्रवासी जहाजही ग्रेनाडाजवळच आहे. मात्र व्हिसा लागत नाही एवढ्यावर भुलून जाऊ नये, कारण तिथे जाणारी विमाने बहुधा लंडन किंवा अमेरिकेतून जातात, आणि अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी व्हिसा लागतोच. लंडनमार्गे जाणाऱ्यांनीही तिथल्या संक्रमण व्हिसाची, म्हणजे विमान बदलण्यापुरत्या व्हिसाची, अट तिकीट काढण्याआधी वाचावी. बेट मोफत आणि वाट मात्र व्हिसाची, असा प्रकार होतो.

खर्चाचा विचार करता माझी पसंती बॉनेअरला आहे, आणि पुढचा हिशेब त्याच बेटाचा आहे. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेले हे बेट नेदरलँड्सच्या अखत्यारीत आहे आणि २०११ पासून तिथले चलन अमेरिकन डॉलर आहे, त्यामुळे चलन दोनदा बदलण्याचा तोटा होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला प्रवाळ अगदी काठालगत असल्याने बोटीशिवाय, किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरून डायव्हिंग करता येते. बोटीचे भाडे वाचते, ते असे. १९७९ साली स्थापन झालेल्या सागरी उद्यानामुळे बेटाभोवतीचे पाणी संरक्षित आहे, आणि उद्यानाच्या शुल्कातून त्याची देखभाल होते.

महिना, तिकीट आणि मुंबईपर्यंतची वाट

कॅरिबियनमधला महागडा हंगाम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो, कारण युरोप-अमेरिकेतले लोक थंडीपासून पळून तिकडे येतात. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो. सोलापुरात संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तिकडे खोल्यांचे भाव चढलेले असतात आणि आपल्याकडे उन्हाने जीव नकोसा होतो त्या मे महिन्यात ते उतरलेले असतात. शाळेच्या सुट्ट्या, उतरलेले भाडे आणि वादळांच्या आधीचा काळ या तिन्ही गोष्टी मे महिन्यात जुळून येतात. अरूबा, बॉनेअर आणि कुरसाव ही तीन बेटे वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला असल्याने दिवाळीच्या सुट्टीतही बॉनेअरचा विचार करता येतो. तथापि १९९९ साली लेनी चक्रीवादळाच्या लाटांनी तिथल्या उथळ प्रवाळांचे मोठे नुकसान केले होते, म्हणून त्या काळात जाणाऱ्यांनी सहल रद्द झाल्यास भरपाई देणारा विमा घ्यावा.

मुंबईहून ॲमस्टरडॅम आणि तिथून बॉनेअर, हा एकदाच विमान बदलण्याचा मार्ग मला सर्वांत सोयीचा वाटतो. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर घ्यावीत. वेगवेगळी तिकिटे घेऊन काही हजार रुपये वाचतात खरे, पण पहिले विमान उशिरा पोचले आणि दुसरे चुकले तर जबाबदारी कुठलीच कंपनी घेत नाही, आणि बेटाकडे जाणारे पुढचे विमान रोज मिळेलच असे नाही. एका माणसाचे जाण्यायेण्याचे तिकीट १,५०,००० रुपये धरावे, म्हणजे दोघांचे ३,००,००० रुपये. सामानाची मर्यादा तिकिटासोबतच पाहावी. सर्वांत स्वस्त तिकिटात पुष्कळदा बॅग धरलेली नसते, आणि डायव्हिंगच्या सामानाला बॅग लागतेच.

सोलापूरहून मुंबईला रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस किंवा सकाळची वंदे भारत घ्यावी आणि विमान सुटण्याच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. रेल्वे, मुंबईतली टॅक्सी, एक मुक्काम आणि परतीचा प्रवास मिळून १५,००० रुपये पुरतात. त्याच दिवशी पोचून विमान पकडण्याचा बेत आखून मुक्कामाचे पैसे वाचवू नयेत. तीन लाखांचे तिकीट घाटात थांबलेल्या गाडीच्या भरवशावर ठेवण्यात शहाणपण नाही.

व्हिसा

युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा शेंगेन व्हिसा बॉनेअरवर चालत नाही, कारण नेदरलँड्सची कॅरिबियन बेटे शेंगेन क्षेत्रात येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा कॅरिबियन व्हिसा असतो. मात्र अमेरिका, कॅनडा किंवा शेंगेनचा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा चालू व्हिसा ज्यांच्याकडे आहे, त्यांना या वेगळ्या व्हिसातून सूट मिळते. एकाच प्रवेशाच्या व्हिसावर ही सूट नाही, ही बारीक अट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. म्हणून तिकिटाचे पैसे भरण्याआधी नेदरलँड्स सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या पासपोर्टसाठीची अट वाचावी. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून माणशी ९० युरो आहे. त्यावर केंद्राचे सेवाशुल्क, कागदपत्रे आणि बोटांचे ठसे देण्यासाठी पुण्या-मुंबईची एक फेरी धरून दोघांचे ३०,००० रुपये बाजूला ठेवावेत. ज्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आधीच आहे त्यांचा हा खर्च वाचतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने शिल्लक असावी.

शिकून मगच निघावे

अंदाजपत्रकातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय विमानाचा नसून प्रशिक्षणाचा आहे. ओपन वॉटर हा पहिला अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय स्वतंत्रपणे हवेची टाकी भाड्याने मिळत नाही आणि जोडीदारासह उतरता येत नाही. तो बॉनेअरवरही करता येतो, पण त्यात आठवड्यातले तीन ते चार दिवस जातात, म्हणजे जे पाणी पाहायला इतक्या लांब आलो त्याच्या काठावर बसून आपण पाठ्यपुस्तकाची उजळणी करत राहतो. हाच अभ्यासक्रम भारतात गोवा, अंदमान, पुदुच्चेरी किंवा कर्नाटकातील मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर करता येतो, आणि आपल्या सिंधुदुर्गात तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते, तेव्हा मे महिन्यात निघायचे असेल तर नोव्हेंबर ते मार्च या काळात अभ्यासक्रम उरकावा. माणशी सुमारे ३०,००० रुपये आणि तिथवरचा प्रवास असा हा खर्च येतो. तो सहलीच्या तक्त्यात न धरता वेगळा लिहावा, कारण ते प्रमाणपत्र आयुष्यभर उपयोगी पडणार आहे.

या अभ्यासक्रमात न थांबता २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगत राहणे ही चाचणी असते. पोहण्याची सवय सुटली असेल तर दोन-तीन महिने आधी महापालिकेच्या जलतरण तलावाचा पास काढावा. तेवढ्याशा खर्चात पाण्याची भीती जाते आणि पुढे हवाही जपून वापरली जाते. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो आणि त्याची टाकी लवकर रिकामी होते, तेव्हा शांतपणे पोहता येणे म्हणजे त्याच पैशात पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटे अधिक मिळणे होय. दमा, कानाचे जुने दुखणे, हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी अभ्यासक्रमाचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून लेखी दाखला घ्यावा. दाखला मिळाला नाही, तर ते वर्षभर आधी कळलेले बरे.

ओपन वॉटरची खोलीची मर्यादा १८ मीटर आहे आणि त्यापुढच्या ॲडव्हान्स्ड अभ्यासक्रमाने ती ३० मीटरपर्यंत जाते. बॉनेअरचे ‘हिल्मा हूकर’ हे १९८४ साली बुडालेले मालवाहू जहाज सुमारे ३० मीटर खोलीवर आडवे पडले आहे. ते नीट पाहण्याची इच्छा असेल तर ॲडव्हान्स्डही भारतातच करून घ्यावा. नसेल तर त्यावर खर्च करण्याची गरज नाही, कारण बेटावरचे उत्तम प्रवाळ १८ मीटरच्या आतच आहे.

बेटावरचे सात दिवस

बेटावरचा हिशेब डॉलरमध्येच ठेवावा आणि शेवटी एकदाच रुपयांत आणावा. सुरुवात ठरलेल्या शुल्कांपासून करावी. बॉनेअरला उतरणाऱ्या परदेशी पाहुण्याकडून २०२२ पासून माणशी ७५ डॉलर प्रवेशकर घेतला जातो आणि सागरी उद्यानाचे शुल्क माणशी ४० डॉलर आहे. दोघांचे मिळून २३० डॉलर झाले. दोन्ही रकमा संकेतस्थळावर आधीच भरून पावती फोनमध्ये आणि कागदावरही ठेवावी.

राहण्यासाठी समुद्रकाठच्या रिसॉर्टपेक्षा स्वयंपाकघर असलेले छोटे घर घ्यावे. रात्रीचे १४० डॉलर धरल्यास ७ रात्रींचे ९८० डॉलर होतात. काठावरच्या आणि दोन गल्ल्या आतल्या घराच्या भाड्यात बराच फरक असतो, आणि गाडी घ्यावीच लागत असल्याने आतले घर घेऊन गैरसोय होत नाही. घर पाहताना बाहेर नळ आणि सामान वाळत घालायला जागा आहे का, एवढे मात्र विचारावे. मुक्काम असा असावा, की संध्याकाळी भिजलेले डायव्हिंगचे सूट धुऊन टांगता येतील.

गाडी म्हणजे मागे उघडा हौदा असलेला पिकअप ट्रक, कारण टाक्या आणि ओले सामान त्यातच ठेवायचे असते. दिवसाचे ७० डॉलर आणि आठवड्याचे इंधन ५० डॉलर धरून ५४० डॉलर होतात. सोलापूरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा. तो वर्षभर चालतो. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, म्हणून पहिल्या दिवशी अंधार पडण्यापूर्वीच गाडी ताब्यात घ्यावी. गाडी घेताना कंपनी अनामत म्हणून क्रेडिट कार्डावर काही शे डॉलर अडकवून ठेवते. ती रक्कम खर्च नसली तरी तेवढी मर्यादा कार्डावर शिल्लक लागते, आणि ती तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहून ठेवावी.

आता टाक्यांकडे येऊ. बॉनेअरच्या डाइव्ह दुकानांत सहा दिवसांसाठी हव्या तेवढ्या टाक्या असा ठोक दर असतो. माणशी २५० डॉलरप्रमाणे दोघांचे ५०० डॉलर धरावेत. साधी हवा की नायट्रॉक्स, हे दर ठरवतानाच विचारावे, कारण ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेले हे मिश्रण पुष्कळ दुकानांत त्याच दरात मिळते, आणि ज्यांनी त्याचा छोटा अभ्यासक्रम केला आहे त्यांना दिवसात तीन डाइव्ह करताना त्याचा चांगला उपयोग होतो. समोरच्या क्लाइन बॉनेअर या निर्मनुष्य बेटाच्या काठी जायला बोट लागते. माणशी दोन बोटीच्या डाइव्ह, प्रत्येकी ६५ डॉलरप्रमाणे, दोघांच्या २६० डॉलर होतात. यापेक्षा जास्त बोटी घेऊ नयेत, कारण काठावरून मिळणारे दृश्य त्या तोडीचेच आहे.

किनाऱ्यावरून उतरण्याची पद्धत इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण सामानाचा खर्च तिच्यावरच अवलंबून आहे. किनाऱ्याच्या रस्त्याने जाताना कडेला पिवळ्या रंगाने रंगवलेले दगड दिसतात आणि त्यांवर डाइव्हच्या जागेचे नाव लिहिलेले असते. दगडाजवळ ट्रक उभा करायचा, मागच्या फळीवर टाकी उभी करून ती अडकवलेले जॅकेट चढवायचे, एकमेकांच्या झडपा तपासायच्या आणि फिन्स, म्हणजे पोहण्यासाठी पायांत घालायचे वल्ह्यासारखे पंख, हातात धरून प्रवाळाच्या तुटक्या, बोटाएवढ्या जाड तुकड्यांवरून तोल सांभाळत पाण्याकडे चालत जायचे. त्या खचावरून अनवाणी चालणे अशक्य आहे, म्हणून जाड तळाचे बूट आणि बुटांवर चढणारे, मागे पट्टा असलेले फिन्स लागतात. पोहण्याच्या तलावात वापरतात ते पावलात बसणारे फिन्स इथे निरुपयोगी ठरतात. भाड्याचा संच ठरवताना त्यात बूट धरले आहेत का, हे दुकानाला लेखी विचारावे. पूर्ण संचाचे भाडे माणशी आठवड्याला २७० डॉलर, म्हणजे दोघांचे ५४० डॉलर धरावे.

स्वतःचे काय घ्यावे, याबद्दल माझे मत ठाम आहे: पहिल्यांदा मास्क, आणि चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क. भाड्याचा मास्क चेहऱ्याला नीट बसला नाही तर दर दोन मिनिटांनी पाणी शिरते आणि इतक्या खर्चाची डाइव्ह वाया जाते. दुसरी वस्तू डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्याखाली खोली आणि वेळ दाखवणारे मनगटी यंत्र. पण वर्षातून एकदाच डायव्हिंग होणार असेल तर तो भाड्याने घेणेच परवडते. जॅकेट आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासासाठी देणारे साधन) जड असतात, त्यांची नियमित देखभाल लागते आणि सोलापुरात ती होत नाही, त्यामुळे ते विकत घेण्याची घाई करू नये. पाण्याचे तापमान २६ ते २९ अंशांच्या आसपास असते, तेव्हा ३ मिलिमीटरचा सूट पुरतो. सागरी उद्यानात हातमोज्यांना बंदी आहे, म्हणून ते घेऊच नयेत. ऑक्सिबेन्झोन असलेले सनस्क्रीनही तिथे चालत नाही. शिवाय २०२३ पासून बॉनेअरच्या प्रवाळांत ऊती नष्ट करणारा एक रोग पसरला आहे, त्यामुळे सामान धुऊन निर्जंतुक करण्याच्या दुकानाच्या सूचना काटेकोर पाळाव्यात. ज्यासाठी आपण जात आहोत ते टिकवणे हे आपल्याही हातात आहे.

जेवणाचे दिवसाला ७० डॉलर, आठवड्याचे ४९० डॉलर धरावेत. बेटावर जवळजवळ सगळे धान्य आणि भाजीपाला जहाजाने येतो, त्यामुळे दुकानातले भावही चढेच असतात, आणि दोन्ही वेळा बाहेर जेवल्यास ही रक्कम पुरणार नाही. तांदूळ, अंडी, फळे आणि पाव तिथे घ्यावेत. सोलापूरकरांना एक सोय घरूनच करता येते: कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ज्वारीची कडक भाकरी आठवडाभर काय, कितीतरी अधिक दिवस टिकते, तिला फ्रीज लागत नाही, आणि दोन डाइव्हच्या मधल्या तासाभरात ट्रकच्या सावलीत बसून ती चटणीसोबत खाल्ली की दुपारच्या उपाहारगृहाचे तीस-चाळीस डॉलर वाचतात. भाकऱ्या पातळ कापडात गुंडाळून कडक डब्यात ठेवाव्यात, नाहीतर बॅगेत चुरा होतो. मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नयेत.

टिप, किरकोळ खर्च आणि फोनचे कार्ड यांसाठी १५० डॉलर ठेवावेत. सर्व मिळून बेटावरचा खर्च ३,६९० डॉलर, म्हणजे ३,५०,५५० रुपये होतो.

एका डाइव्हची किंमत

तिकिटे ३,००,०००, मुंबईचा प्रवास १५,०००, व्हिसा ३०,००० आणि विमा २०,००० मिळून ३,६५,००० रुपये. त्यात बेटावरचे ३,५०,५५० मिळवले की एकूण ७,१५,५५० रुपये होतात. टाक्या, बोट आणि सामानाचे भाडे एवढाच डायव्हिंगचा खर्च वेगळा काढला तर तो १,२३,५०० रुपये, म्हणजे एकूण रकमेच्या सुमारे १७ टक्के भरतो.

आता दिवस मोजावेत. पहिल्या दिवशी पोचणे होते. दुसऱ्या दिवशी दुकानाची माहितीसभा आणि अंगाला बांधायचे वजन तपासण्याची सक्तीची पहिली डाइव्ह, त्यानंतर आणखी एक. तिसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत रोज तीन, आणि सातव्या दिवशी सकाळी एकच. अशा माणशी १५ डाइव्ह होतात. सातव्या दिवशी दुपारनंतर थांबावे लागते, कारण डायव्हिंग करताना शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि विमानात हवेचा दाब कमी झाल्यास त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. अनेक दिवस डायव्हिंग केलेल्यांनी शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. मी पूर्ण २४ तास धरतो. तिकीट काढताना परतीच्या विमानाची वेळ म्हणूनच पाहावी: संध्याकाळचे विमान असेल तर आदल्या दिवशीची डाइव्ह मिळते, पहाटेचे असेल तर तीही हातची जाते.

दोघांच्या मिळून ३० डाइव्ह होतात. ७,१५,५५० ला ३० ने भागावे, म्हणजे एक डाइव्ह सुमारे २३,८५० रुपयांना पडते. अभ्यासक्रम तिथेच करत बसलो आणि दोघांच्या मिळून १६ च झाल्या, तर तीच डाइव्ह ४४,७०० रुपयांवर जाते.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक उपयोगाची आहे. मुक्काम एका दिवसाने वाढवला तर घराचे १४०, गाडी आणि इंधनाचे ७७, जेवणाचे ७०, टाक्यांचे ८३ आणि सामानाचे ९० असे ४६० डॉलर, म्हणजे ४३,७०० रुपये वाढतात आणि दोघांच्या ६ डाइव्ह वाढतात. वाढलेली प्रत्येक डाइव्ह सुमारे ७,३०० रुपयांना पडते. रजा मिळत असेल तर आठवड्याला एक-दोन दिवस जोडणे ही या सहलीतली सर्वांत स्वस्त खरेदी आहे. आणि पैसे कमी पडत असतील तर दिवस कमी करण्याऐवजी बोटीच्या डाइव्ह, समुद्रकाठचे घर आणि बाहेरची जेवणे यांवर कात्री चालवावी. तेवढ्यानेही भागत नसेल तर सहल एक वर्ष पुढे ढकलून दरमहा आवर्ती ठेवीत पैसे टाकावेत. १८ महिने दरमहा ४४,००० रुपये टाकले तर व्याज न धरताही ७,९२,००० रुपये जमतात, आणि त्यात पुढे सांगितलेली राखीव रक्कमही येते.

विमा आणि राखीव रक्कम

साध्या प्रवास विम्यात स्कूबा डायव्हिंग पुष्कळदा वगळलेले असते, किंवा ठरावीक खोलीपर्यंतच धरलेले असते. पॉलिसी घेताना वगळलेल्या बाबींचे पान शेवटपर्यंत वाचावे, आणि ‘साहसी खेळ’ या शब्दांखाली काय येते हे कंपनीकडून लेखी घ्यावे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजेच डॅन, ही संस्था खास डायव्हरांसाठी विमा देते. त्यात दाबकक्षातील, म्हणजे हवेचा दाब वाढवलेल्या खोलीतील, उपचार आणि रुग्णाला दुसरीकडे हलवण्याचा खर्च धरलेला असतो. बॉनेअरच्या क्रालेंडाइक गावातील रुग्णालयात असा दाबकक्ष आहे, पण तिथल्या उपचारांचे देयक स्वतः भरण्याची वेळ आली तर सगळ्या सहलीच्या खर्चाहून अधिक पैसे जाऊ शकतात. दोघांचा प्रवास विमा आणि डायव्हिंगचा विमा मिळून २०,००० रुपये धरले आहेत. ही रक्कम कोणत्याही परिस्थितीत कमी करू नये.

एकूण खर्चाच्या १० टक्के, म्हणजे सुमारे ७१,५०० रुपये राखीव ठेवावेत आणि ते वेगळ्या खात्यात असावेत. कान दुखून एक दिवस डाइव्ह न होणे, बॅग उशिरा पोचल्याने दोन दिवस सामान भाड्याने घ्यावे लागणे, विमान चुकून एक मुक्काम वाढणे, अशाच गोष्टींसाठी ते आहेत.

पैसे कसे न्यावेत

संपूर्ण सहल पॅकेज म्हणून प्रवास कंपनीकडून घेतल्यास कंपनी त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, गोळा करते. हा खर्च नाही; तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर पैसे अडकून राहतात, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारून तेवढी रोकड वेगळी धरावी. तिकीट, घर आणि डाइव्ह दुकान स्वतंत्रपणे ठरवल्यास हा प्रश्न पॅकेजच्या स्वरूपात येत नाही, शिवाय प्रत्येक रकमेवर आपले नियंत्रण राहते. मी तोच मार्ग सुचवेन.

बेटावरच्या खर्चासाठी डॉलरचे फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायचे कार्ड, घ्यावे आणि ते एकदम न भरता तीन-चार महिन्यांत थोडे थोडे भरावे, म्हणजे एका दिवसाच्या चढ्या दरात सगळे पैसे अडकत नाहीत. गाडीच्या अनामतीसाठी मात्र क्रेडिट कार्डच लागते. भारतीय क्रेडिट कार्डावर परकीय चलनातील खर्चाला साधारण २ ते ३.५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी लागतो, तेव्हा ते अनामतीपुरतेच वापरावे. यंत्रावर रुपयांत द्यायचे की डॉलरमध्ये असे विचारले तर नेहमी डॉलरच निवडावे, कारण रुपयांचा पर्याय निवडल्यास दुकानदाराची बँक आपल्या सोयीचा दर लावते. दोनशे-तीनशे डॉलर रोख पुरतात.

किनाऱ्यावर उभ्या केलेल्या ट्रकमधून वस्तू जाण्याचे प्रकार तिथे होतात, हे बेटावरचे लोकच सांगतात. म्हणून पासपोर्ट, कार्डे आणि रोख घरीच कुलपात ठेवावी, सोबत फक्त गाडीची किल्ली जलरोधक डबीत घ्यावी, आणि ट्रकमध्ये चोरीला जाईल असे काहीही न ठेवता, काच फुटू नये म्हणून खिडक्या उघड्या टाकूनच पाण्यात उतरावे. निघण्यापूर्वी दोन्ही कार्डांवर परदेशातील व्यवहार सुरू करून घ्यावेत, बँकेचे ओटीपी परदेशात फोनवर येतील याची खात्री करावी, आणि विमा, प्रमाणपत्रे, शुल्काच्या पावत्या व डाइव्हची नोंदवही यांच्या प्रती दोघांच्याही बॅगांत ठेवाव्यात.